कात्रीबाईचा सत्कार

आमच्या गावात माणसाला दोन तोंडं असतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. एक सीझनचं, एक बिनसीझनचं. तळ्यावर पाहुणे यायला लागले की पहिलं तोंड बाहेर निघतं. ते धुतलेलं, हसरं असतं आणि "काही लागलं तर हक्कानं सांगा" एवढंच बोलतं. शेवटची बस पाहुण्यांना घेऊन गेली की ते घडी करून कपाटात जातं आणि खरं तोंड उघडतं. मग सहा-सात महिने कानावर हात ठेवून बसावं.

भांडणांचंही तसंच. सीझनमध्ये भांडायचं नाही हा इथला अलिखित कायदा. पाहुण्यांनी पैसे मोजलेले असतात ते तळं बघायला, तुमची धुणी बघायला नाही. म्हणून मनात काहीही असलं तरी म्हणायचं, "आपण नंतर बोलू हं." बेकरीवाली आणि तिची जाऊ एकाच गल्ल्यामागे खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, पाहुण्यांना गरम पाव देतात, आणि फळीखाली एकमेकींच्या पायावर पाय देतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. मी नोकरीतून सुटल्यावर भाचीच्या लॉजवर राहायला आले, तेव्हा पहिल्या सीझनला मला वाटलं, काय देवमाणसं आहेत! पुढे थंडी पडली आणि त्याच देवमाणसांनी माझ्याशी नळाच्या पाण्यावरून जे भांडण केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

या गावात एकच बाई अशी होती की जिला एकच तोंड होतं. ते वाईट होतं.

तिला सगळे कात्रीबाई म्हणत. अर्थातच मागून. तळ्याच्या पायऱ्यांशी, जुन्या होड्यांच्या शेडपुढे ती कापडी खुर्च्या भाड्याने द्यायची. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, घडीच्या. ती जागा आधी तिच्या सासूची. सासू गेली आणि सून बसली, ती बसलीच. तळ्याकाठी सकाळपासून दुपारपर्यंत सावली असते ती तेवढ्याच तुकड्यावर, हे लक्षात ठेवा. सगळं रामायण त्या सावलीचं आहे.

एवढी तुसडी बाई का झाली असेल, हिच्या मनात काहीतरी खोल दुःख असणार, असं कनवाळू लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. शोध घेतला. काही नव्हतं. नवरा होता आणि चांगला होता. घड्याळं दुरुस्त करायचा, संध्याकाळी तिच्यासाठी चहा ठेवायचा. लेक सुखात नांदत होती. दात सगळे शाबूत. काही माणसं खारट विहिरीसारखी असतात, खणलं तरी खारटच लागतं.

एखादा पाहुणा पोहून आला आणि ओल्या अंगाने खुर्चीत टेकला की ही लांबूनच ओरडायची, "उठा! घरच्या सोफ्यावर बसता का असं?" कुणी समोरच्या खुर्चीवर पाय पसरले तर, "पायांचं भाडं वेगळं." एकदा एक झुळझुळीत कपड्यांतली बाई तिला म्हणाली, "किती उर्मट आहात हो तुम्ही!"

"हो," कात्रीबाई म्हणाली. "खुर्ची हवी का?"

हे ऐकून तुम्ही हसलात. मीही हसले होते. पण रोज ऐकायला लागलं की हसू येत नाही. एका म्हाताऱ्याचा गुडघा सुजला होता, त्याला तिने खुर्ची दिली नाही, कारण आदल्या दिवशी त्याने ती उन्हात टाकून दिली होती. तो बिचारा पायरीवर बसला. एका लहान मुलीने खुर्ची वाळूतून ओढत नेली तर तिला इतकं फाडून खाल्लं की पोर रात्री झोपेत दचकली म्हणे. बेकरीवालीची आई वारली तेव्हा ही भेटायला गेली आणि दारातून म्हणाली, "माणसं उभी आहेत. खुर्च्या कमी पडणार हे आधी कळवायचं ना." मला तर ती रोजच काहीतरी ऐकवायची. "ओ शिकलेल्या बाई, पुस्तक तोंडावर घेऊन घोरायचं असेल तर घरी खाट नाही का?" मी घोरत नाही. पण हे तिला कोण सांगणार?

थोडक्यात, मला ती आवडत नव्हती. अजून आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

आता दुसरं पात्र. तळ्यावरच्या मोठ्या हॉटेलचा मालक हाच आमच्या व्यावसायिक मंडळाचा अध्यक्ष. त्याला गाव साखऱ्या म्हणतं. सीझनमध्ये या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द कुणी ऐकलेला नाही. खोली शिल्लक नसेल तर म्हणेल, "का नाही, बघतोच!" पाव उरला नसेल तर म्हणेल, "आत्ता येईल!" कुणी काही मागितलं की त्याची मान आपोआप हलते. आणि इथे कागदावर काही चालत नाही. जेटीवर कुणी होड्या लावायच्या, हॉटेलच्या चादरी कुणी धुवायच्या, पाव कुणाकडून घ्यायचा, पायऱ्यांशी कोण बसणार, हे सगळं अध्यक्षाने चार लोकांसमोर "हो" म्हटलं की झालं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय.

साखऱ्याने त्या वर्षी मुलीचं लग्न केलं आणि जावई घरात आणून ठेवला. जावईबापूंना काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी लांबट पलंगासारख्या गादीच्या खुर्च्या आणि वर छत्र्या असं चित्र कुठेतरी पाहिलं होतं. ते मांडायला त्यांना हवा होता तोच सावलीचा तुकडा. सासऱ्याच्या कानाशी दिवसरात्र एकच टुमणं. साखऱ्या म्हणाला, "सीझननंतर बघू." तेही ठीकच होतं, खऱ्या तोंडाने तिला एका दिवसात उठवलं असतं.

पण तेवढ्यात कात्रीबाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. साखऱ्याच्या हॉटेलात एक मोठं कुटुंब दरवर्षी अख्खा सीझन राहतं. वरचा मजला त्यांचाच. त्या घरची वयस्कर आजीबाई खुर्चीत बसून बिस्किटं खात होती, भुगा सगळा कापडावर सांडत होता. कात्रीबाई गेली, तिला हाताला धरून उठवलं, खुर्ची झटकली, परत बसवलं आणि म्हणाली, "आता खा. तोंडात खा."

आजीबाई रडली. मुलगा लालबुंद होऊन साखऱ्याकडे गेला. "ती बाई तिथे दिसता कामा नये. आम्ही इथे आहोत तोवर तिचा निकाल लावा. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे."

झाली पंचाईत. सीझन चालू असताना कुणाला तरी 'नाही' म्हणायचं, ही विद्या गावात कुणालाच येत नव्हती.

मंडळाची बैठक भाचीच्या लॉजवर झाली, म्हणून मी तिथे होते. चहा मीच ओतत होते. नावाडी, बेकरीवाली, धोबी, साखऱ्या, जावई. सगळ्यांचं एकमत: उठवा. कुणीही तिच्या बाजूने अवाक्षर काढलं नाही. प्रश्न एवढाच की मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

"नावाडीदादा, तुम्ही शेजारी आहात तिचे," साखऱ्या म्हणाला.

"म्हणूनच नको," नावाडी म्हणाला. "मला रोज तिच्या समोरून होडी काढायची असते."

"काकू, तुम्ही?"

"माझ्या आईच्या मयतीत ती काय बोलली ठाऊक आहे ना?" बेकरीवाली म्हणाली. "मी तोंड उघडलं तर सीझन बुडेल."

शेवटी साखऱ्या स्वतःच गेला. मी माझ्या खुर्चीतून सगळं ऐकलं. आणि नाही, मी झोपलेली नव्हते. तो हात चोळत उभा राहिला.

"बाई, तुम्ही फार दमत असाल."

"दमते. मग?"

"आता या वयात विश्रांती घ्यावी माणसाने…"

"दुपारी घेते की."

"तसं नव्हे. म्हणजे कायमची…"

"मेल्यावर घेईन. सरका, ऊन अडवताय. कापड वाळायचंय."

साखऱ्या सरकला. परत आला तो घामाघूम होऊन. त्याला काही सुचेना, आणि सुचलं तेव्हा गावाच्या अकलेला शोभेल असंच सुचलं. सत्कार करायचा! आमच्याकडे माणसाला घालवायचं असलं की आधी त्याच्या हातात फुलं देतात. पोस्टमनला तसाच घालवला, बँडवाल्या म्हाताऱ्याला तसाच घालवला. चार शब्द गोड बोलायचे, "दीर्घ सेवेबद्दल" म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी माणूस आपसूक घरी बसतो. वाईट शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही, पाहुण्यांनाही कार्यक्रम होतो.

"आणि तिला कळलं नाही तर?" मी विचारलं.

"कळतं हो आजी," साखऱ्या हसून म्हणाला. "सगळ्यांना कळतं."

सगळ्यांना कळतं हे खरं. पण सगळ्यांना आडून बोललेलं कळतं ते सगळे आडून बोलतात म्हणून. जी बाई जन्मात कधी आडून बोलली नाही तिला ते कसं कळावं? हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी बोलले नाही. मला मत कुणी विचारलं नव्हतं, आणि चहा निवत होता.

संध्याकाळी तळ्याकाठच्या बँडच्या चबुतऱ्यावर कार्यक्रम ठेवला. पाहुणे नटून आले होते. पहिल्या रांगेत ते वरच्या मजल्यावरचं कुटुंब, मधोमध आजीबाई. जावईबापू नवा कोट घालून उभे. त्यांनी दुपारीच दोरी घेऊन सावलीचा तुकडा मोजून ठेवला होता. कात्रीबाई रोजच्याच कपड्यांत आली. नवऱ्याने मात्र सदऱ्याला इस्त्री केली होती. तो माझ्या शेजारी बसला आणि कुजबुजला, "हिला हे कशासाठी बोलावलंय हो?"

"कौतुकासाठी," मी म्हणाले.

"हिच्या?" तो म्हणाला, आणि काळजीत पडला.

साखऱ्या बोलायला उभा राहिला. समोर दोनशे पाहुणे पाहिले की या माणसाच्या अंगात येतं. आधी तो ठरल्याप्रमाणे "दीर्घ सेवा", "कष्ट" वगैरे बोलला. मग पाहुणे हसून माना डोलवायला लागले आणि गाडी उताराला लागली. बाई म्हणजे या किनाऱ्याची शिस्त. बाई म्हणजे आपल्या तळ्याची ओळख. बाईंच्या निळ्या पट्ट्यांच्या खुर्च्यांशिवाय या पायऱ्यांची कल्पनाच करता येत नाही! टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की तो आणखी बोलायचा. त्याची मुलगी खालून त्याचा कोट ओढत होती, पण उपयोग काय?

त्याने फुलं पुढे केली. कात्रीबाईने ती घेतली, हुंगली, नवऱ्याच्या दिशेने टाकली. मग त्याच्याकडे बघून, पाव केवढ्याला असं विचारावं तसं तिने विचारलं, "म्हणजे पुढच्या सीझनलाही मीच ना?"

मागाहून गावात बोललं गेलं की हा तिचा डाव होता. मला नाही पटत. तिला ते जाणून घ्यायचं होतं, म्हणून तिने विचारलं. ती दरवर्षीच विचारायची.

आणि साखऱ्या! दोनशे चेहरे हसून त्याच्याकडे बघताहेत, कुणीतरी काहीतरी मागितलंय. त्याची मान हलली. मी पाहिली ना. डोक्याच्या आधी मान हलली.

"अर्थात!" तो म्हणाला. "तुमच्याशिवाय आहे कोण?"

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या असतील तर त्या बिस्किटवाल्या आजीबाईने. तिला कार्यक्रम फार आवडला. मुलाला म्हणाली, "किती चांगली माणसं आहेत रे इथली." आई खूश, मग तो कशावर भांडणार? जावईबापूंचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो पोटभर पाहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीबाई जागेवर हजर. पहिला शब्द मलाच. "काल पुढे बसून जांभया देत होतात."

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पाहुणे गेले, बस गेली, आणि तोंडं बदलली.

सीझननंतरची बैठक नेहमी साखऱ्याच्या हॉटेलच्या भोजनगृहात होते. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, टेबलांवर उलट्या खुर्च्या, झुंबरावर चादर. हवा अशी की श्वासाची वाफ दिसावी. गाव जमलं होतं. कात्रीबाई एक खुर्ची टेबलावरून खाली घेऊन बसली होती, तिची घडीची नव्हे, हॉटेलची. तिला ती पसंत नव्हती हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

या खेपेला जावईच बोलायला उठला. "सरळ सांगतो. पायऱ्यांशी पुढच्या वर्षी आमच्या गाद्या लागतील. बाई, तुमचं सामान शेडमधून काढा."

"चार लोकांसमोर शब्द दिलाय," ती म्हणाली.

"कुणी?"

"तुझ्या सासऱ्याने."

जावई हसला. "ते होय! ते सीझनमधलं बोलणं. सीझनमधलं बोलणं कुणी धरतं का?"

मी सांगते, भोजनगृहातल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. जावई नवा होता, परगावचा. त्याला वाटलं आपण साधी गोष्ट बोललो. साखऱ्याने मात्र डोळे मिटून घेतले.

पहिला नावाडी बोलला. हळूच. "मग मला जेटीची उजवी बाजू सांगितलीत ती कधी सांगितलीत?"

साखऱ्या कोटाची गुंडी लावत बसला.

"सीझनमध्येच ना? पाहुण्यांसमोर. खांद्यावर हात ठेवून."

"नावाडीदादा, तुमचं वेगळं…"

"वेगळं कसं?" बेकरीवाली उभी राहिली. "माझ्या पावाचंही सीझनमध्येच झालं. जाऊबाई साक्षीला आहेत." आणि जाऊबाई, जिने गेल्या आठवड्यात हिच्या अंगावर पिठाची परात फेकली होती, ती म्हणाली, "आहे मी साक्षीला." मग धोबी उठला. चादरींचं. मग भाचीसुद्धा उठली, कारण साखऱ्या आपले जादा पाहुणे तिच्या लॉजवर पाठवणार हेही असंच, हसत हसत, तळ्याकाठी ठरलेलं होतं. गावातल्या प्रत्येकाचं घर साखऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या सीझनमधल्या "हो"वर उभं होतं.

साखऱ्याचं खरं तोंड उघडलं तेव्हा मोठ्याने उघडलं. "लाज नाही वाटत? आजींच्या भाचीच्या घरी बसून माझा चहा ढोसत 'उठवा, उठवा' कोण म्हणत होतं? आता त्या कजाग बाईसाठी एक झालात?"

चहा माझा होता. पण राहू दे.

"तिच्यासाठी कोण करतंय!" बेकरीवाली किंचाळली. "ती उद्या तळ्यात बुडाली तर मी दिवा लावायची नाही. पण तुझा शब्द नाही बुडू द्यायची मी!"

"सासरेबुवा, मला दिलेलं वचन…" जावई सुरू झाला.

"तुला कधी दिलं?" साखऱ्या त्याच्यावर खेकसला.

"मे महिन्यात. लग्नात."

"पाहुण्यांसमोर का?" नावाड्याने विचारलं, आणि सगळं भोजनगृह हसलं. ते हसू चांगलं नव्हतं. जावई रागाने निघून गेला, जाताना एक उलटी खुर्ची पाडून. ती कुणी उचलली नाही.

साखऱ्याने टेबलावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाला, "बरं. राहू दे."

"राहू दे नको," कात्रीबाई म्हणाली. ती उठून त्याच्यासमोर आली. "आज पाहुणे नाहीत. नीट बोल. पुढच्या सीझनला पायऱ्यांशी मीच, असं म्हण. या लोकांसमोर."

बघा, तिला गप्प बसता आलं असतं. जिंकली होती. पण नाही. तिथेच त्याला सगळ्यांसमोर चिखलात बसवलं. साखऱ्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण त्या क्षणी म्हातारा दिसला. दातांवर दात ठेवून तो म्हणाला, "पुढच्या सीझनला पायऱ्यांशी तुम्हीच. आणि देव करो, एखाद्या खुर्चीत तुमचं बोट चिमटो."

"चिमटतं की. दरवर्षी," ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं.

बाहेर आलो तेव्हा धुकं पडलं होतं. तिचे आभार मानायला कुणी थांबलं नाही, आणि तीही कुणाचे मानत नव्हती. तिचा नवरा छत्री घेऊन फाटकाशी वाट बघत होता. नावाडी तिच्या पुढे चालत होता. एकदम वळून म्हणाला, "तुझ्यासाठी नाही हां बोललो मी आत."

"ठाऊक आहे," कात्रीबाई म्हणाली. "तुझ्यासाठी मीही बोलले नसते."

नावाडी रस्ता ओलांडून पलीकडे गेला, आणि दोघं एकाच दिशेला, रस्त्याच्या दोन बाजूंनी, एकमेकांकडे न बघता उतरून गेले.